बुरशीचे दोन रकाने

बुरशीचा धडा आला की फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे ‘उपयुक्त’, उजवीकडे ‘अपायकारक’. पेनिसिलियम डावीकडे, अरगट उजवीकडे. परीक्षेला ही मांडणी सोयीची आहे. विज्ञान म्हणून ती लंगडी आहे, असे आमचे मत आहे.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडच्या मुलांना बाजरीवरचा अरगट निराळा शिकवावा लागत नाही. फुलोऱ्यात पाऊस आणि ढगाळ हवा राहिली की कणसातून मधासारखे चिकट थेंब गळतात, पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. अशी बाजरी पोटात गेली तर मळमळ, उलट्या, गुंगी. म्हणून पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 2 किलो) टाकून तरंगणाऱ्या गाठी काढतात. म्हणजे सरळ उजवा रकाना! पण ‘राय’ या धान्यावर येणाऱ्या, याच कुळातल्या अरगटात अर्गोमेट्रिन असते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला डॉक्टर ते वापरत आले आहेत. मग अरगट कोठे लिहायचा?

2007 मध्ये या दोन बुरश्यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. बाजरीवरच्या बुरशीकडेही तसाच जनुकसंच आहे, मात्र शेवटच्या पायऱ्यांची जनुके निकामी झालेली आहेत. त्यामुळे तिचे रसायन अर्ध्या वाटेवर थांबते.

बुरशीत असे एकेक रसायन घडवणारी जनुके बहुधा शेजारी शेजारी असतात. आपल्या धड्यांत नेमके हेच येत नाही, आणि बुरशीची जनुकीय अभियांत्रिकी तर यावरच उभी आहे. पेनिसिलिनचा संपूर्ण संच 1990 मध्ये न्यूरोस्पोरा आणि ॲस्परजिलस नायजर या बुरश्यांत घातला गेला, आणि एरवी पेनिसिलिन न बनवणाऱ्या या बुरश्या ते बनवू लागल्या. अर्थात जनुक घातले की औषध मिळाले, इतके ते सोपे नाही. परक्या घरात जनुके पुष्कळदा गप्प बसतात.

धड्यात मात्र फ्लेमिंगची 1928 मधली बशी आणि नशीब एवढेच. 1943 मध्ये अमेरिकेत पिओरिया येथे खरबुजावर सापडलेला वाण, क्ष-किरणांनी त्यात घडवलेले बदल, वर्षानुवर्षांची निवड, हे गाळले जाते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले, ते अशा सुधारित वाणांच्या बळावर. पुढच्या कारखानी वाणांत तर त्या जनुकसंचाच्या अनेक प्रती आढळल्या. बियाण्याच्या वाणांची पारख असलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे समजायला कितीसा वेळ लागेल?

गाळल्याचा तोटा खरा आहे. ‘बुरशीपासून औषध’ एवढेच ऐकलेले मूल भाकरीवरची बुरशी औषधी समजू शकते. शिळ्या किंवा ओलसर अन्नावर अफ्लाटॉक्सिन हे विष करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हसही वाढू शकते. तिची पाळीव बहीण ॲस्परजिलस ओरायझी जपानात सोया सॉससाठी वापरतात. तिच्यातही त्या विषाची जनुके आहेत, पण निकामी. आज परकी जनुके घालायला संशोधक याच ओरायझीला पसंती देतात.

रेघ पुसून त्या जागी बुरशी, तिचे रसायन, मात्रा आणि परिणाम असा तक्ता मांडावा. अरगटाच्या गाठी वर्गात दाखवायच्या असतील, तर बंद बाटलीतच दाखवाव्यात.