शब्दांवांचून हास्य

जोगेश्वरीच्या एका वाचनालयांत जुने दिवाळी अंक चाळतांना ‘मोहिनी’चें शि. द. फडणिसांचें तें प्रसिद्ध मुखपृष्ठ पुन्हां दृष्टीस पडलें. तरुणाच्या सदऱ्यावर मांजरें, तरुणीच्या पातळावर उंदीर. शब्द एकही नाहीं! वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांची रेषा साहित्याच्या सोबतीनें चालते, प्रसंगीं लेखकाला कोपरखळीही मारते. फडणिसांना ती सोबतही नको. त्यांचें हास्य वेड्यावांकड्या नाकांत नसून प्रसंगांत असतें. रेखाटन इतकें नेटकें, कीं अशक्य गोष्टही नित्याची वाटावी. या नेटकेपणास कोणी थंडपणा म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. माणसें गंभीर राहतात म्हणूनच कापडावरचीं जनावरें जिवंत होतात. शेजारीं बसलेल्या, मराठी न येणाऱ्या शाळकरी मुलानें अंकांत डोकावून पाहिलें आणि तो आमच्याआधींच हंसला.