विस्मृत स्वरांचे पुनर्श्रवण : नव्वदच्या दशकातील मुंबईचे रॉकसंगीत आणि खाडीपलीकडचा श्रोता

तारुण्यात ऐकलेल्या आणि पुढे विस्मरणात गेलेल्या संगीताकडे प्रौढ वयात पुन्हा वळणे ही प्रवृत्ती सामान्यतः स्मरणरंजन म्हणून निकालात काढली जाते. नव्वदच्या दशकात मुंबईत घडलेल्या इंग्रजी रॉकसंगीताच्या बाबतीत मात्र हा निवाडा घाईचा ठरतो. जे त्या काळी नीट ऐकलेच गेले नाही, त्याचे स्मरणरंजन होणार तरी कसे?

‘ऑल्टरनेटिव्ह’ या विशेषणाचा पाश्चात्त्य अर्थ मुख्य प्रवाहातील रॉकला पर्याय असा आहे. भारतात रॉक हाच मुळी मुख्य प्रवाह नव्हता. तो चित्रपटसंगीताचा होता. त्यामुळे येथे गिटार हाती घेऊन स्वतःचे गीत गाणारा प्रत्येक गट आपोआप पर्यायी ठरला. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वरचित गीतांचा संग्रह काढला, तेव्हा परकीय गाण्यांची हुबेहूब नक्कल हेच कौशल्याचे प्रमाण मानले जाई. उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांच्या या गटाने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. नामांतरामागे एतद्देशीय ध्वनीचा शोध होता. आज ऐकताना आरंभीच्या संग्रहातील बराचसा आवेश उसना वाटतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. १९९५च्या ‘इंडस क्रीड’ या संग्रहात मात्र हा गट स्वतःच्या आवाजाच्या पुष्कळ जवळ आलेला दिसतो.

या संगीताचे हक्काचे स्थान म्हणजे धोबीतलावचे रंगभवन. १९८६ पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तेथेच नावारूपास आला. तेथून सरळ रेषेत पाहिले तर उरण-द्रोणागिरीचा परिसर खाडीपलीकडे, फारसा दूर नाही. प्रत्यक्षात मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंतची लाँच भरती-ओहोटीच्या तंत्राने चाले, आणि रस्त्याने जायचे तर संपूर्ण खाडीला वळसा घालावा लागे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर कार्यान्वित झाले, जगाचा माल दाराशी उतरू लागला. रात्री उशिरा संपणारी मैफल मात्र आवाक्याबाहेरच राहिली. अशा श्रोत्यासाठी रॉक म्हणजे मैफल नव्हे, तर कॅसेट. एकाची दुसरीवर, दुसरीची तिसरीवर उतरवलेली, प्रत्येक खेपेस थोडी अधिक खरखरणारी. गीतांचे शब्द अर्धेच कळत. उरलेले कल्पनेने भरले जात. त्या खरखरीखाली गाणे कसे होते, हे त्याला खऱ्या अर्थाने आज, स्वच्छ ध्वनिमुद्रणात, प्रथमच कळते.

या पुनर्श्रवणाला सर्वाधिक टिकणारा गट ‘झीरो’ हा होय. राजीव तलवार, बॉबी तलवार, वॉरेन मेंडोन्सा आणि सिद कुटो यांचा हा गट १९९८ च्या सुमारास उभा राहिला. त्यांच्या ‘हुक’ (२००५) मध्ये रॉकच्या नावाखाली केला जाणारा आक्रोश नाही; विनोद आहे, संयम आहे. मेंडोन्सांची गिटार गाण्यावर स्वार होत नाही, गायकाला वाट करून देते. २००७ मध्ये ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने त्यांनी काढलेल्या पहिल्या वाद्यसंगीत-संग्रहात हाच गुण शब्दांवाचून प्रकटतो.

येथे एक अडचण उपस्थित होते. मेंडोन्सांनी शंकर-एहसान-लॉय यांच्या चित्रपटसंगीतात गिटार वाजवली. ‘पेंटाग्राम’चे विशाल ददलानी विशाल-शेखर या जोडीतून हिंदी चित्रपटसृष्टीत स्थिरावले. पर्यायाने मुख्य प्रवाहात प्रवेश केला आणि त्याचा नाद बदलला. परिणामी आज जुना संग्रह ऐकणाऱ्याला तो ‘ओळखीचा’ वाटतो, तेव्हा ती ओळख विशीतील असतेच असे नाही. मधल्या वीस वर्षांच्या चित्रपटगीतांनी कान तयार केलेला असतो. पुनर्शोधाच्या आनंदात हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

मराठी समीक्षेची उदासीनता अधिक खटकणारी आहे. याच दशकात, याच शहरात ‘अभिधानंतर’सारख्या अनियतकालिकांतून नव्वदोत्तरी कविता महानगरीय तुटलेपण मांडत होती व तिची यथायोग्य चर्चाही झाली. रंगभवनातील तुटलेपण इंग्रजीत होते म्हणून ते परके ठरले. सत्तरच्या दशकात अरुण कोलटकरांनी इंग्रजी गीते लिहून ध्वनिमुद्रित केली होती, याचा या समीक्षेला सोयीस्कर विसर पडला. हे संगीत उच्चभ्रूंचे होते, हा आक्षेप निराधार नाही. इंग्रजी आणि विजेवर चालणारी गिटार दोन्ही महाग होती. परंतु हा आक्षेप निर्मात्यांना लागू पडतो तितका श्रोत्यांना पडत नाही, आणि खाडीपलीकडच्या कॅसेटवाल्या श्रोत्याला तर मुळीच नाही.

दरम्यान आधारस्थाने नाहीशी झाली. रुग्णालये आणि महाविद्यालय यांच्या सान्निध्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून या शतकाच्या आरंभी रंगभवनातील मैफली थांबल्या. काळा घोड्याचे ‘रिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले. ‘इंडस क्रीड’ने २०१० मध्ये पुन्हा एकत्र येऊन २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह दिला. बेलापूरहून निघालेली लोकल जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत धावू लागली. रेल्वेने ये-जा करण्याची सोय आता द्रोणागिरीच्या श्रोत्याला आहे. ज्या रंगभवनासाठी त्याला ती हवी होती, तेथे मैफल नाही.