‘बेंगाल’ आणि ‘ओंडिना’ : एका पराक्रमाची वांटणी

गेल्या नौदलदिनीं पनवेलनजीक नेरे या गांवीं एका लहानशा वाचनमंडळाच्या निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्ही गेलों होतों. विषय होता हिंदी आरमाराचा पराक्रम. आणि बहुतेकांनीं 11 नोव्हेंबर 1942 ची झुंज निवडली होती. सर्वांचा सूर एकच. चिमुकल्या ‘बेंगाल’नें दोन बलाढ्य जपानी जहाजांशीं टक्कर देऊन एका तेलवाहू जहाजाचें रक्षण केलें! त्या तेलजहाजाचें नांव फक्त एका मुलीनें दिलें होतें, व तेंही चुकीचें. दोष मुलांचा नव्हे. त्यांनीं जें वाचलें तेंच लिहिलें. म्हणून आमची टीका त्यांच्या वाचनांत आलेल्या कथेवर आहे.

हकीकत अशी. सिडनीस बांधलेली ‘बेंगाल’ ही सुरुंग काढणारी नवी नौका ‘ओंडिना’ या डच तेलजहाजाची पाठराखण करीत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाली होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस ‘होकोकू मारू’ व ‘आइकोकू मारू’ यांनीं त्यांना गांठलें. जपानी जहाजें प्रत्येकीं दहा हजार टनांवर. ‘बेंगाल’ सातशें टनांच्याही आंत, आणि तिच्यावर मोठी म्हणावी अशी तोफ एकच, तीही किरकोळ. तिचा कप्तान विल्सन यानें तेलजहाजास निघून जाण्यास सांगून आपली नौका थेट शत्रूवर घातली. हें धैर्य असामान्य होतें. त्यांतील एक कणही कमी करण्याची आमची इच्छा नाहीं.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. खरें म्हणजे येथें ती सुरू होते. ‘ओंडिना’ मंदगति होती. पळून सुटका नाहीं हें ओळखून तिचा कप्तान होर्समान यानें लढण्याचें ठरविलें. पिछाडीस चार इंची तोफ एक, गोळे अवघे 32. थोड्याच वेळांत ‘होकोकू मारू’वर आग भडकली, प्रचंड स्फोट झाला आणि तें जहाज बुडालें. गोळा कोणाचा, यावर दोन्ही बाजूंचे वृत्तांत भिन्न आहेत. पुढील अनेक अभ्यासकांचा कल ‘ओंडिना’कडे आहे. निबंधांतून मात्र या वादाचा मागमूसही नव्हता. वाद आहे एवढें सांगितल्यानें आमच्या आरमाराची शोभा उणी झाली असती काय?

पुढचा भाग तर कोणाच्याच लेखणींत उतरला नव्हता. ‘बेंगाल’ जखमी होऊन धुराच्या पडद्याआडून निघून गेली. ‘ओंडिना’चे गोळे संपले, आणि जहाज सोडण्याच्या गडबडींत होर्समान मारला गेला. खलाशी होड्यांत उतरल्यावर होड्यांवरही मशीनगन चालल्या. जहाजाला पाणतीर लागले. तें बुडणार असें समजून शत्रु आपले बुडते सोबती उचलून निघून गेला. मग होड्यांतील माणसें परत त्याच कललेल्या, जळत्या जहाजावर चढलीं! त्यांनीं आग विझविली, जहाज सरळ केलें, यंत्रें चालू केलीं आणि आठवड्याभरानें फ्रीमँटलला परतलीं. आमच्या मतें या सर्व हकीकतींतील अत्यंत रसपूर्ण प्रसंग हाच. कारण लढतांना माणूस पुष्कळदा विचार करीतच नाहीं, पण होडीतून परत जहाजावर चढणारा विचार करूनच चढतो.

जहाजांच्या सेवानोंदी हा वाङ्मयप्रकार रुक्ष म्हणून हेटाळला जातो. ‘ओंडिना’ची नोंद काढली तर : 1939 ची बांधणी, 1942 ची झुंज, पुढें ऑस्ट्रेलियाच्या एक्समाउथ आखातांत अमेरिकन पाणबुड्यांसाठीं तेलाची कोठी, 1959 सालीं हाँगकाँगला मोडीत. रुक्ष खरी, पण प्रामाणिक. कोणाच्या वांट्याचें ती दुसऱ्याला देत नाहीं. गोष्ट सांगणाऱ्यांनींच बखरकारांची जुनी खोड उचलली आहे. आंग्र्यांच्या गुराबांच्या लढाया आम्ही चवीनें वाचतों. त्या गुराबांवरचा तांडेल कोण, सारंग कोण, हें आम्हांस कोण सांगतो? ‘ओंडिना’वर अधिकारी डच होते, तर खलाशी चिनी. होर्समानला मरणोत्तर त्याच्या देशाचें सर्वोच्च लष्करी पदक मिळालें, तें योग्यच. पण भट्टीजवळच्या चिन्यांच्या वांट्याला कथेंत एक ओळही आली नाहीं. आणि ज्या निबंधांना ‘हिंदी पराक्रम’ असें नांव होतें त्यांतही विल्सनखेरीज कोणाचेंच नांव नव्हतें. कोंकणकिनाऱ्यावरच्या कित्येक घरांतून माणसें त्या आरमारांत गेलीं होतीं. ‘बेंगाल’वरील हिंदी नाविक म्हणजे निबंधकारांना नुसती ‘टोळी’ वाटते, याचें आम्हांस वाईट वाटलें. स्वतःचा अभिमान सांगतांनाही आपण दुसऱ्याच्या सोयीची यादी वापरतों.

बक्षिसाचा प्रश्न आला. सर्वांत सुबक निबंधाला पहिलें द्यावें अशी सहपरीक्षकांची इच्छा होती; आम्हीं त्या मुलीचें नांव पुढें केलें, कारण चुकीचें का होईना, तिनें तेलजहाजाला नांव दिलें होतें. बराच वाद झाला व अखेर दोघांत विभागून दिलें. कार्यक्रम आटोपल्यावर ती दाराशीं थांबली आणि म्हणाली, “सर, होडीतून परत चढले ते किती जण होते?” आम्हीं तिला पुस्तक पाठवण्याचें कबूल केलें, आणि तें अद्याप आमच्या टेबलावरच आहे.