‘बाहेर जाणारे’ आणि ‘आत येणारे’ : व्हेक्शो नगर आणि मोबर्ग यांची कादंबरी-चतुष्टयी

बीजसंज्ञा : स्थलांतर, परभाषा, स्वीडिश कादंबरी, विल्हेल्म मोबर्ग, आगमन

प्रास्ताविक

दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात व्हेक्शो हे तळ्यांच्या काठी वसलेले लहानसे नगर आहे. त्याच्या नावात ‘वाट’ आणि ‘तळे’ हे दोन शब्द एकत्र आले आहेत, असे सामान्यतः मानले जाते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून माणसे नगरात येत, तीच ही वाट. पुढे याच परिसरातून माणसे बाहेर पडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२०च्या दशकापर्यंत बारा लाखांहून अधिक लोकांनी स्वीडन सोडून उत्तर अमेरिका गाठली. स्मोलांडची दगडाळ जमीन, वाढती कुटुंबे आणि कर्जे यांमुळे या प्रांताचा त्यातील वाटा मोठा होता. या स्थलांतराच्या स्मरणार्थ १९६८ साली व्हेक्शो येथे जे संग्रहालय उभे राहिले, त्याचे नाव ‘उटवांद्रार्नास हूस’, म्हणजे ‘बाहेर जाणाऱ्यांचे घर’. आज मात्र हे नगर येणाऱ्यांचे आहे. विद्यापीठात, संगणक-व्यवसायात, रुग्णालयात काम करण्यासाठी परदेशी माणसे येथे येतात. त्यांत भारतीयही असतात, मराठी भाषकही असतात. गेलेल्यांची स्मृती जपणाऱ्या नगरात नव्याने आलेल्या माणसाने मोबर्ग यांची कादंबरी कशी वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

दोन उपसर्ग

विल्हेल्म मोबर्ग (१८९८–१९७३) हे मूळचे स्मोलांडचेच. त्यांच्या चतुष्टयीचे खंड १९४९, १९५२, १९५६ आणि १९५९ या वर्षी प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडाचे नाव ‘उटवांद्रार्ना’ (बाहेर जाणारे) आणि दुसऱ्याचे ‘इनवांद्रार्ना’ (आत येणारे). माणसे तीच, कुटुंब तेच. बदलतो तो केवळ उपसर्ग. समुद्र ओलांडताच ‘बाहेर जाणारा’ हा ‘आत येणारा’ होतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आज स्वीडनमध्ये परदेशातून आलेल्या माणसासाठी हाच दुसरा शब्द वापरला जातो आणि नवागतांना मोफत स्वीडिश शिकविणाऱ्या वर्गांच्या नावातही तो आहे. म्हणजे दुसऱ्या खंडाचे शीर्षक आज व्हेक्शोत राहावयास आलेल्या परक्या माणसाचेच नाव आहे. संग्रहालयाने मात्र पहिल्या खंडाचा शब्द उचलला. सार्वजनिक स्मृतीला निरोपाचे दृश्य नेहमीच अधिक प्रिय असते. यान ट्रोएल यांच्या चित्रपटांनी (१९७१, १९७२) आणि १९९५ सालच्या संगीतिकेने या कथेला जी लोकप्रियता दिली, तिच्यातही निरोपाच्या दृश्याचा मोठा वाटा आहे. पण कादंबरीचे खरे बळ दुसऱ्या उपसर्गात आहे. जाणे एका वसंतात पूर्ण होते, येणे चार खंड संपले तरी पूर्ण होत नाही.

क्रिस्टिनाचे तळे

१८५० साली ल्युडेर परगण्यातील सोळा माणसे कार्ल्सहामन बंदरातून ‘शार्लोटा’ या जहाजाने निघतात. त्यांत कार्ल ऑस्कर, त्याची पत्नी क्रिस्टिना आणि त्यांची मुले आहेत. उपासमारीच्या दिवसांत त्यांची थोरली मुलगी दगावलेली आहे. मिनेसोटातील एका तळ्याकाठी कार्ल ऑस्कर जमीन धरतो. क्रिस्टिनाला बरे वाटावे म्हणून त्या वस्तीला तिच्या माहेरचे, दूवेमोला हे नाव दिले जाते. माहेरच्या झाडाच्या बियांपासून तेथे सफरचंदाचे झाडही वाढते. नाव आले, झाड आले, तळेही आहे. तरीही क्रिस्टिना तेथे पोहोचत नाही. मोबर्ग यांनी हे ‘घरची आठवण’ या सोप्या सूत्रात बसविलेले नाही. नवीन भाषा तिला परकी राहते आणि तिचे जग आपल्या माणसांपुरते आक्रसत जाते. नवऱ्याला जमिनीच्या कागदांसाठी आणि बाजारासाठी जेवढी भाषा लागते तेवढी तो उचलतो. तिला तेवढीही लागत नाही, आणि हे न लागणेच तिला घरात कोंडते.

याउलट उल्रिका. ल्युडेरमध्ये ती बदनाम, गावाने टाकलेली बाई. अमेरिकेत ती एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाशी लग्न करते आणि प्रतिष्ठेने वावरते. या कथेत खऱ्या अर्थाने पोहोचलेली तीच एक. कारण मागे ठेवण्यासारखे तिच्याजवळ काही नव्हते. स्थलांतराच्या साहित्याचा विचार करताना अभ्यासक बहुधा यजमान देश कसा आहे हे तपासतात. उल्रिकेची व्यक्तिरेखा मागे सुटलेल्या गावाचा हिशेब आधी मागते. रॉबर्टचे उदाहरण आणखी वेगळे. तो प्रवासातच पुस्तकावरून इंग्रजी शिकू लागतो, सोन्याच्या शोधात निघतो आणि तरुणपणीच मरतो. तेव्हा भाषा आली की माणूस रुजला, असा सरळ हिशेबही मोबर्ग मांडू देत नाहीत.

नोंदवही आणि नवागत

पूर्वी स्वीडनमध्ये परगण्यातून कोण गेले आणि कोण आले याची नोंद चर्चच्या वहीत होत असे. १९९१ साली हे काम चर्चकडून करखात्याकडे गेले. वर्षभर किंवा अधिक काळ राहण्यासाठी आलेल्या परदेशी माणसाला आज करखात्याकडून व्यक्ती-क्रमांक मिळतो. त्यावाचून बँकेचे खाते, दवाखाना, घरभाडे यांत पदोपदी अडचण येते. क्रमांक मिळाला की नोंदवहीच्या दृष्टीने माणूस ‘आत’ आला. कादंबरीचा प्रश्न मात्र तेथून पुढे सुरू होतो.

नोकरीनिमित्त काही वर्षांसाठी गेलेल्या उच्चशिक्षिताला ‘एक्सपॅट’ म्हणण्याची रूढी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) निवेदक परतीचा दिवस ठरवूनच निघालेला असतो, म्हणून परके जग त्याला गंमतीने न्याहाळता येते. कार्ल ऑस्करला परतणे नाही. एक्सपॅट या दोघांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. व्हेक्शोत त्याची इंग्रजी सर्वत्र चालते. दुकानदार, सहकारी, शेजारी यांना त्याने स्वीडिश शब्द उच्चारताच इंग्रजीत उत्तर देणे सोयीचे वाटते, आणि त्यामागे सौजन्यच असते. क्रिस्टिना भाषा नसल्यामुळे एकटी पडली. हा माणूस पुरेशी भाषा असल्यामुळे एकटा पडतो. डिसेंबरात जेमतेम सात तासांचा दिवस मावळला की तळ्याकाठची वाट ओस पडते. घरोघरी कोणती भाषा बोलली जाते आहे हे त्याला ठाऊक असते, पण ती खिडकीबाहेरून ऐकल्यासारखी. तळ्याचे सौंदर्य मात्र भाषेवाचून मिळते. म्हणून तो त्याच्यावर विसंबतो. येथील ट्रुमेन हे तळे सांडपाण्याने मृतप्राय झाले होते आणि १९७०-७१मध्ये तळाचा गाळ उपसून ते पुन्हा जिवंत केले गेले, हे त्या निर्मळ पाण्याकडे पाहून कळत नाही. ते नगराच्या आठवणीत असते, आणि आठवणी स्वीडिशमध्ये असतात.

उलट टोकाचे उदाहरण थिओडोर कालिफातिडिस यांचे आहे. १९६४ साली ते ग्रीसहून स्वीडनला आले, पाच वर्षांत स्वीडिशमध्ये कवितासंग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे त्याच भाषेचे मान्यवर लेखक झाले. क्रिस्टिनाने जे नाकारले ते सर्व त्यांनी स्वीकारले. तरीही उतारवयात लेखन खुंटल्यावर ते ग्रीककडे वळले. परभाषेत घर बांधता येते. पण जुन्या घराचे दार त्याने बंद होत नाही.

या दृष्टीने चतुष्टयीचा शेवट पाहावा. म्हातारा कार्ल ऑस्कर आता चार्ल्स ओ. नेल्सन झालेला आहे. बायको केव्हाच गेली; मुलांची भाषा इंग्रजी झाली. तो ल्युडेर परगण्याचा नकाशा पसरून तरुणपणीच्या वाटांवरून बोट फिरवीत बसतो. त्याच्या मृत्यूची बातमी स्वीडनला जाते ती शेजाऱ्याने लिहिलेल्या पत्राने. त्या पत्रातील स्वीडिशमध्ये इंग्रजी शब्द शिरलेले आहेत, आणि ते शिरले आहेत हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेले नाही.