रस्त्याची पकड आणि पंचनाम्याची भाषा

काटोलकडे पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरी रस्त्यावर सोडत जातो. वर भुरभुर पाऊस झाला की त्या जागी दुचाकी घसरते. कागदावर मात्र ‘हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’ हे ठरीव शब्द उमटतात. या वाक्याचा कर्ता कायम चालक. रस्ता केवळ घटनास्थळ. वाहनांतील सेन्सरवरून रस्त्याची पकड मोजण्याच्या संशोधनाकडे मी वळलो तो या वाक्यरचनेमुळे.

पकड म्हणजे घर्षणांक. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून, घर्षणांक 0.7 असेल तर सुमारे 20 मीटरांत थांबते, तो 0.35 झाला की 40 मीटर लागतात. चालक तोच, ब्रेक तेच.

एबीएस असलेल्या गाडीत प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो. इंजिनाचा जोर लागलेले चाक गाडीच्या मानाने किंचित जास्त वेगाने फिरते. हा फरक आणि लागलेला जोर यांच्या नात्यावरून पकडीचा अंदाज बांधण्याची रीत स्वीडनच्या फ्रेड्रिक गुस्ताफसन यांनी 1997 मध्ये मांडली. अडचण अशी की रोजच्या प्रवासात गाडी उपलब्ध पकडीचा लहानसा हिस्साच वापरते. उरलेली पकड अनुमानाने काढावी लागते आणि त्यात टायरची झीज, हवा, तापमान मिसळलेले असते. म्हणून एका गाडीच्या आकड्यावर विसंबता येत नाही. एकाच जागेवरून शेकडो गाड्या गेल्या, की टायरांचे फरक बरेचसे विरतात आणि रस्ता उरतो.

माझा आक्षेप पुढे आहे. मोटारीची चाके रस्त्याच्या मधून जातात; दुचाकीस्वार कडेने जातो, जिथे माती आणि गिट्टी साचते. मोटारींच्या माहितीवरून काढलेला नकाशा त्या कडेला सुरक्षित ठरवील. नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘आय-रास्ते’ प्रकल्पाने महापालिकेच्या बसवर कॅमेरे बसवले आणि टळलेल्या धडकांवरून धोक्याच्या जागा शोधल्या. माणसे मरण्याआधी जागा ओळखणे हे मोठेच पाऊल आहे. पण कॅमेऱ्याला पुढची गाडी दिसते, डांबराची पकड मोजता येत नाही. कडेसाठी जुने लोलकयंत्रच हवे: ओल्या पृष्ठभागावर रबर घासत जाणारा त्याचा दांडा कुठेही टेकवता येतो.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्या दिवशीच्या, त्या जागेच्या पकडीची नोंदच नसेल तर घसरणीबाबत हे सिद्ध कशाने करणार? सेन्सरची माहिती गाडी बनवणाऱ्यांच्या संगणकात राहिली, तर ती मृताच्या घरच्यांच्या उपयोगाची नाही. ती सार्वजनिक हवी, आणि पंचनाम्यात पकडीचा एक रकाना हवा. तो रिकामा राहिला, तरी रस्ता तपासलाच नाही एवढे तरी कागदावर येईल.