डेल्फ्टला पोहोचलेलं पत्र

योहानेस व्हर्मीरने १६६३च्या सुमारास डेल्फ्टमध्ये रंगवलेलं ‘निळ्या पोशाखात पत्र वाचणारी स्त्री’ हे चित्र अवघं ४६.५ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. खिडकी दिसत नाही, डावीकडून येणारा उजेड तेवढा दिसतो. त्यात ती उभी आहे. हात छातीशी आवळलेले, मुठींत कागद, ओठ किंचित विलग. पत्राचा आणखी एक कागद टेबलावर पडला आहे. मजकूर काय, लिहिणारा कोण, काहीच कळत नाही.

त्या काळचं टपाल ठाऊक असलं की या मुठींचा अर्थ उलगडतो. तेव्हा तिकिटं नव्हती. लिहिलेल्या कागदाचीच घडी घालून ती लाखेने बंद करत आणि टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. जवळच्या शहरांशी डेल्फ्टचा संपर्क सोपा होता. कालव्यातून घोड्यांनी ओढलेल्या नावा ठरल्या वेळी सुटत, लायडनचा जलमार्ग १६३८मध्येच खुला झाला होता. समुद्रापलीकडच्या पत्राची गोष्ट वेगळी. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टमध्ये होती, आणि त्याच कंपनीची वखार तेव्हा आपल्या वेंगुर्ल्यातही होती. आशियातून निघालेलं पत्र हॉलंडला पोहोचायला सहा-आठ महिने सहज लागत. ते हाती पडेपर्यंत लिहिणारा हयात असेल, याची खात्री कुणी द्यावी?

म्हणूनच तिच्यामागचा हॉलंडचा नकाशा मला नुसता शोभेचा वाटत नाही. आपल्या दुसऱ्या एका चित्रात व्हर्मीरने हाच नकाशा रंगीत दाखवला आहे. इथे तो तपकिरी आहे, तिच्या केसांच्या रंगात मिसळणारा, जणू दूरदेशाचा विचार तिच्या डोक्यातूनच पसरला आहे. निळाई राखली आहे तिच्या जाकिटासाठी आणि दोन रिकाम्या खुर्च्यांसाठी. ती निळाई बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्दाची, म्हणजे रंगही लांबचा प्रवास करून आलेला.

इन्फ्रारेड तपासणीत दिसतं की जाकिटाचा मागचा घेर व्हर्मीरने आधी फुललेला काढला होता, नंतर तो आवरता घेतला. हालचालीची एवढीशी खूणही त्याने पुसली आणि स्त्रीला पूर्ण स्थिर केलं. टपालाचा इतिहास पत्र दारात पोहोचेपर्यंतची हकिकत सांगतो. पत्र उघडल्यावर माणसाचं काय होतं, ते सांगण्यासाठी व्हर्मीरला एक निश्चल देह पुरला. माझ्या मते या चित्राचं थोरपण त्या संयमात आहे.