नव्या जातीचे वर्णन व नमुन्याची साक्ष

मुखेडपासून समुद्र दूर. तरीही १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील पाकट इत्यादी माशांच्या आतड्यांतील पट्टकृमींच्या अनेक नव्या जाती वर्णिल्या. या वर्णनांचे मोल त्यांच्या संख्येवरून ठरविणे मात्र योग्य होणार नाही. पट्टकृमी सतत आकुंचन-प्रसरण पावतो; स्थिरीकरणाच्या क्षणी तो जसा असेल, तशीच त्याची लांबी मोजली जाते. म्हणून एकदोन नमुन्यांवरून मिळालेले माप जातीचे लक्षण मानणे धोक्याचे आहे. अ‍ॅकँथोबोथ्रियम या प्रजातीसाठी घोषरॉय व कैरा यांनी २००१ मध्ये लांबी, खंडसंख्या, वृषणसंख्या आणि अंडाशयाची सममिती या चार लक्षणांवर वर्गवारी सुचविली. तिने तुलना सुलभ झाली, हे खरे. परंतु पहिले लक्षण आकुंचनाने व दुसरे वयाने बदलते. अशा वेळी अंतिम निर्णय मूळ नमुना पुन्हा तपासूनच करावा लागतो. तो सार्वजनिक संग्रहात नसल्यास जुन्या नावाचे समर्थनही होत नाही आणि खंडनही होत नाही. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेने २००० पासून नव्या जातीचा नामाधार नमुना स्पष्टपणे नमूद करणे बंधनकारक केले, ते याच कारणाने. ज्या वर्णनाची फेरतपासणी करता येते, तेच पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडते.